शेणखतपक्ष, गोणीपक्ष आणि तिसरा प्रश्न

श्रीशारदेस नमन करोन, आणि शारदेची लेकरे जिच्या जिवावर दोन वेळा जेवतात त्या काळ्या आईस त्याहून एक नमन अधिक करोन, हकीकत लिहिण्यास आरंभ केला असे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, श्रावणमासी महाराजांची स्वारी शाळा पाहावयास बाहेर पडली. राज्याचे नाव येथे घातले नाही. ज्यांस आपले वाटेल त्यांनी आपले समजावे. स्वारी एका शाळेत उतरली, आणि तेथे एका मुलाने महाराजांच्याच सुशासनाचे वर्णन पुस्तकातून घडाघडा वाचोन दाखविले, आणि महाराज बहुत संतुष्ट जाहले, आणि मुलाची पाठ थोपटोन पुसते जाहले जे, "बाळ, यात काय सांगितले आहे?" मुलगा म्हणाला, "वाचायला सांगितलं होतं. काय सांगितलंय ते बघायला नव्हतं सांगितलं." मग महाराजांनी दुसऱ्या मुलास पुसिले, मग वर्गास पुसिले, मग गुरुजींस पुसिले, तों गुरुजीही वाचण्यापुरतेच तयार होते. महाराज खिन्न जाहले. आपले सुशासन राज्यात सर्वत्र वाचले जाते आणि कोणासही समजत नाही, हे शल्य त्यांस लागले, आणि राजधानीस येताच त्यांनी विद्याखात्याचे प्रधान त्रिविक्रमपंत यांस बोलाविणे पाठविले.

त्रिविक्रमपंत मोठे मसलती पुरुष. कोणतेही संकट आले की ते प्रथम त्यास नाव देत, आणि नाव दिले की अर्धे संकट टळले ऐसे समजत, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी समिती नेमीत. त्यांनी या संकटास 'आकलन मोहीम' ऐसे नाव दिधले. आणि हुकूम सोडिला जे, प्रत्येक शाळेने दोन उतारे तयार करोन पाठवावे, विषय एक असावा, लिहिणारे दोघे असावे आणि दोघांची मते एकमेकांविरुद्ध असावी. मुलांनी दोन्ही वाचावे, कोण काय म्हणतो ते सांगावे, आणि दोघांची तुलना करावी. हुकूम चांगला होता. या खात्यातून चांगला हुकूम कसा निघाला याचा तपास पुढे बहुत जाहला, परंतु कसूर कोणाची ते सापडले नाही.

त्या राज्यात कवठेवाडी म्हणोन गाव, आणि तेथे सगुणाबाई ढवळे म्हणोन शिक्षिका होत्या. उतारे लिहावे हा हुकूम त्यांजकडेही आला, आणि त्यांस विषय शोधावयास लांब जावे लागले नाही, कारण तो त्यांच्या घरातच नांदत होता. त्यांचे यजमान रंभाजी आणि धाकटे दीर तात्याबा या दोघां भावांत वडिलांची जमीन वाटोन मधे बांध पडला होता. रंभाजी खताच्या गोण्या आणीत आणि वेळच्या वेळी औषध फवारीत. तात्याबांनी गाय घेतली, शेणखत कुजविले, पिंपात शेण, गोमूत्र आणि गूळ कालवोन ते पाणी पिकास घालू लागले, आणि गोणीस शिवेनासे जाहले. आरंभी दोघे एकमेकांस हसत, मग टोमणे जाहले, आणि मग एके सकाळी रंभाजी फवारणी करीत असता वारे फिरले आणि औषध बांधापलीकडे तात्याबांच्या तुरीवर गेले. तात्याबा म्हणाले, "मुद्दाम केलंस." रंभाजी म्हणाले, "वारा काय माझ्या खिशात आहे?" त्यावर तात्याबांनी चूल वेगळी केली, आणि तेव्हापासोन भाऊ भावाशी बोलत नव्हता.

बाईंनी पहिला उतारा गोणीच्या बाजूने लिहिला आणि तो झरझर उतरला, कारण तो मजकूर त्या रोज ताट वाढताना ऐकत होत्या. दुसरा शेणखताच्या बाजूने लिहिला आणि वर्गात दोन्ही वाचोन दाखविले. वर्गात कस्तुरा म्हणोन एक मुलगी होती, बोलावयास कमी आणि ऐकावयास तिखट. ती उठोन म्हणाली, "बाई, पहिल्या माणसाला तुम्ही ओळखता. दुसऱ्याला नाही." बाईंनी पुसिले, "कशावरून गं?" कस्तुरा म्हणाली, "पहिला कारणं सांगतो. दुसरा नुसता गाय चांगली, माती चांगली म्हणतो. त्याला कुणी काही विचारलेलंच नाही." बाईंस हे लागले. बाई घरी आल्या, पदर खोचिला आणि बांध ओलांडोन दिराच्या शेतात गेल्या. तात्याबा पिंप ढवळीत होते. त्यांनी मान वर न करिता पुसिले, "दादानं पाठवलं?"

बाई म्हणाल्या, "नाही. चौथीच्या पोरांनी पाठवलंय. तुम्ही गोणी का सोडलीत ते त्यांना हवंय."

तात्याबांनी काठी थांबविली. हा प्रश्न त्यांस आजवर कोणी पुसिला नव्हता. सगळ्यांनी उत्तर देवोन टाकिले होते. मग ते बांधावर बसले आणि सांगो लागले जे, गोण्या घालूनही पीक वर्षागणिक तेवढेच, कधी कमी, आणि मातीत गांडूळ दिसेना, आणि नांगर फिरला की अशी ढेकळे उठत की ती फोडावयास माणसे थकत, आणि आजाच्या वेळी हीच माती मुठीत भुगा होत असे. आणि हेही सांगितले जे, शेणखतावर आल्यापासोन आरंभीची पिके पडली, तण माजले, बायको खुरपून दमली, आणि अजोनही पुरते जमले आहे ऐसे नाही. "पण हे शेवटचं लिहू नका, वहिनी. दादा हसेल," ऐसे म्हणाले. बाई म्हणाल्या, "ते लिहिलं नाही तर पोरं ओळखतात, भावजी." आणि त्यांनी ते लिहिले. आणि घरी येवोन यजमानांचाही उतारा पुन्हा लिहिला, आणि त्यात रंभाजींच्या तोंडचे जे त्या वगळत आल्या होत्या तेही घातले: घरात माणसे खाणारी आहेत, पीक पडले तर तत्त्व शिजवोन वाढता येत नाही, म्हणोन गोणी घालतो, परंतु जमीन पहिल्यासारखी राहिली नाही, ढेकळे दगडासारखी निघतात, याची भीती वाटते आणि ही गोष्ट कोणास सांगत नाही. उताऱ्यांस नावे घातली नाहीत. खाली तीन प्रश्न घातले. पहिला काय म्हणतो. दुसरा काय म्हणतो. आणि तिसरा, दोघे कोणत्या गोष्टीवर सहमत आहेत.

हे उतारे राजधानीस गेले. तेथे शाळाशाळांचे उतारे येवोन पडले होते, आणि बहुतेकांत एक माणूस स्वच्छता चांगली म्हणत होता आणि दुसरा स्वच्छता फार चांगली म्हणत होता. त्यात कवठेवाडीचे उतारे उठोन दिसले. त्रिविक्रमपंतांनी ते वाचिले नाहीत, परंतु अक्षर पसंत केले, आणि सर्व राज्यात सरावास आणि वार्षिक परीक्षेस हेच लावावे ऐसा शेरा मारिला. आणि येथोन प्रळय सुरू जाहला.

राजधानीत दोन सरदार मातबर होते. एक हैबतराव, ते शेणखतपक्षाचे सेनापती. त्यांची शेती हवेलीच्या गच्चीवर कुंड्यांत होती, आणि तिला लागणारे शेण सुवासिक करोन डब्यातून येत असे. दुसरे फत्तेसिंगराव, ते गोणीपक्षाचे सेनापती. राज्यातील गोण्यांचा मक्ता त्यांजकडे होता, आणि त्यांच्या स्वतःच्या मुदपाकखान्यात मात्र बिनगोणीची भाजी शिजत असे, तिचा मळा वेगळा राखिला होता आणि त्यावर पहारा होता. हैबतरावांच्या कारकुनाने त्यांस फक्त पहिला उतारा वाचोन दाखविला. फत्तेसिंगरावांच्या कारकुनाने त्यांस फक्त दुसरा दाखविला. मग हैबतराव कडाडले जे, "मुलांच्या तोंडात विष घालतात," आणि फत्तेसिंगराव कडाडले जे, "मुलांच्या डोक्यात शेण घालतात," आणि दोघांनीही विद्याखात्यावर मोर्चे नेले. एका दरवाज्यावर शेणाच्या गाड्या रिकाम्या जाहल्या, दुसऱ्यावर गोण्यांची भिंत उभी राहिली, आणि खात्याचे कारकून खिडकीतून ये-जा करू लागले. आणि ज्यांच्या हातात फलक होते त्यांपैकी कोणी दोन्ही उतारे वाचिले होते ऐसे ऐकिवात नाही. एकाने दोन्ही वाचिले होते, त्यास दोन्ही पक्षांनी हेर म्हणोन हाकलिले.

त्रिविक्रमपंतांनी समिती नेमिली. समितीने मसलत केली जे, उतारे छापोन गेले, ते परत आणिता येत नाहीत. प्रश्न छापोन गेले, तेही आणिता येत नाहीत. परंतु उत्तरे अजोन आपल्या हाती आहेत. मग पहिल्या दोन प्रश्नांस कोणतेही उत्तर चालेल ऐसे ठरले, आणि तिसऱ्यास, म्हणजे दोघे कोणत्या गोष्टीवर सहमत आहेत यास, खाते स्वतः उत्तर देते जाहले: "दोन्ही लेखक दरबाराच्या कृषिधोरणाबद्दल संतुष्ट आहेत." उताऱ्यांत दरबाराचे नाव नव्हते, धोरणाचे नव्हते, संतोषाचाही कोठे मागमूस नव्हता. परंतु या उत्तराने कोणी सरदार रागावणार नाही, म्हणोन ते बरोबर ठरले आणि मोहोर होवोन राज्यात गेले.

फाल्गुनात परीक्षा जाहली. बाईंनी उत्तरपत्रिका उघडिल्या. बहुतेक मुलांनी भलतेच लिहिले होते. कस्तुराने लिहिले होते: "दोघेही म्हणतात जमीन कडक झाली, ढेकळं फुटत नाहीत. पहिला म्हणतो काय करणार, दुसरा म्हणतो काहीतरी करून बघू. बाकी त्यांचं पटत नाही आणि पटणारही नाही." बाईंनी ते पुन्हा वाचिले आणि पुरे गुण दिधले. मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "बाई, वरून आलेलं उत्तर वेगळं आहे. शून्य द्या, आपण दोघंही सुखी राहू." बाई म्हणाल्या, "हे उत्तर उताऱ्यात आहे, सर. वरचं नाही." मुख्याध्यापक भले गृहस्थ, त्यांनी बाईंचे कौतुक मनात केले आणि कागद वर पाठविला.

मग बोलावणे आले. बाईंस दरबारात हजर राहण्याची आज्ञा जाहली, आणि तोवर उतारे कोणावरून लिहिले याची खबर दोन्ही सरदारांस लागली होती, म्हणोन हैबतरावांनी तात्याबांस फेटा बांधोन आणिले आणि फत्तेसिंगरावांनी रंभाजींस शाल घालोन आणिले, जेणेकरोन भर दरबारी भाऊ भावास खोटा पाडील आणि पक्षाचा जय होईल. निघण्याच्या आदल्या दिवशी रंभाजी बाईंस म्हणाले, "ढेकळांचं मी तुझ्यापाशी बोललो होतो. तू ते राज्यभर वाटलंस."

"नाव नाही घातलं."

"मला कळलं ना मीच आहे ते."

बाईंनी पुसिले, "दुसरा वाचलात?" रंभाजी म्हणाले, "त्याचं मला काय वाचायचं," आणि बाहेर गेले. बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. नोकरी जाईल याची भीती होतीच. परंतु भरल्या दरबारात दोन्ही भाऊ एकमेकांचे वाभाडे काढतील आणि त्यास आपण कारण होऊ, हे त्याहून जड वाटत होते.

दरबार भरला. महाराज गादीवर बसले, उजवीकडे शेणखतपक्ष, डावीकडे गोणीपक्ष, आणि मधे सगुणाबाई उभ्या. त्रिविक्रमपंतांनी आरोप वाचिला जे, या बाईंनी मोहोर असलेले उत्तर डावलोन मुलीच्या मनच्या उत्तरास गुण दिधले. महाराज म्हणाले, "उतारे काय आहेत?" हैबतराव म्हणाले, "हुजूर, शेणखताची निंदा आहे." फत्तेसिंगराव म्हणाले, "हुजूर, गोणीची निंदा आहे." महाराज म्हणाले, "दोन्ही वाचा," आणि बाईंनी दोन्ही वाचिले. त्या दरबारात दोन्ही उतारे एकाच जागी उभ्याने वाचले जाण्याची ही पहिलीच वेळ, आणि मानकऱ्यांस इतके सलग ऐकण्याची सवय नसल्याने काही निजले. रंभाजींनी दुसरा उतारा तेव्हा प्रथम ऐकिला. बायको खुरपून दमली, अजोन पुरते जमले नाही, हे आले तेव्हा त्यांनी भावाकडे पाहिले. आणि तात्याबांनी पहिला ऐकिला, आणि याची भीती वाटते आणि कोणास सांगत नाही, हे आले तेव्हा ते खाली पाहू लागले.

महाराजांनी पुसिले, "दोघे कोणत्या गोष्टीवर सहमत आहेत?" हैबतराव म्हणाले, "शेणखत श्रेष्ठ, हे शत्रूही आतून मानतो." फत्तेसिंगराव म्हणाले, "गोणीवाचून गत्यंतर नाही, हे शत्रूही रडत कबूल करितो." त्रिविक्रमपंत म्हणाले, "दोघेही हुजुरांच्या धोरणाबद्दल संतुष्ट आहेत." महाराजांस हे तिसरे सर्वांत आवडले, परंतु जिज्ञासा अनावर होवोन त्यांनी खुद्द भावांस पुसिले.

मग तात्याबा दरबाराकडे न पाहता भावास म्हणाले, "दादा, तुझ्याकडं पण ढेकळं निघतात?"

रंभाजी म्हणाले, "बांधाच्या कडेला जास्त. फाळ वाकला मागच्या खेपेला."

"मग सांगायचं नाही होय?"

"तू बोलत होतास कुठं?"

"तू गोण्या बंद कर, मग बघ."

"बंद करून खाऊ काय? तुझी तूर बघितली मी. कंबरेएवढं तण होतं."

"तुरीवर फवारा कुणाचा आला होता?"

"वारा फिरला, तात्या. मी तेव्हाच सांगायला येणार होतो. तू चूल उचललीस."

आणि याप्रमाणे दोघे बोलो लागले, आणि कडेच्या पट्ट्यात हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरोन गाडावा की नाही येथवर आले, आणि आवाज चढले. चोपदाराने काठी आपटिली. महाराजांनी पुसिले, "म्हणजे तुमचे पटले?" रंभाजी म्हणाले, "नाही महाराज. हा चुकतोच आहे." तात्याबा म्हणाले, "चुकतो तो आहे." महाराज म्हणाले, "मग सहमत कसे?" रंभाजी म्हणाले, "ढेकळांपुरते." दरबारास हे समजेना. पटले असते तर समेटाचा सोहळा करिता आला असता, नाही पटले असते तर एकाची मिरवणूक काढिता आली असती. परंतु एका गोष्टीपुरते पटणे आणि बाकी भांडणे याची सोय कोणत्याही पक्षात नव्हती. हैबतरावांनी तात्याबांचा फेटा परत मागितला. फत्तेसिंगरावांनी शालीची आठवण करोन दिधली.

मग निवाडा जाहला. मुलीचे उत्तर उताऱ्यास धरोन आहे हे दरबार मान्य करितो, परंतु मोहोर दुसऱ्या उत्तरावर आहे, सबब गुण मोहरेप्रमाणे, म्हणजे शून्य, राहावे. तिसरा प्रश्न राज्यात द्वेष पसरवितो, कारण त्यास उत्तर आहे, सबब तो रद्द करावा. आणि सगुणाबाई हुशार आहेत, सबब त्यांची बदली घाटमाथ्यावरच्या शाळेत करावी, जेथे मुले थोडी आणि वाट वाईट आहे. नोकरी राहिली, ती दरबाराची दया म्हणोन नोंदली गेली.

माघारी जाण्यास दरबाराने कोणास वाहन दिधले नाही. बाई आणि दोघे भाऊ एकाच एसटीत बसोन आले, आणि भाऊ साऱ्या वाटेने भांडत आले, आणि पुढल्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने वळोन सांगितले जे, जरा हळू बोला. बाई खिडकीशी बसोन ऐकत होत्या. बदली जाहली, संसार दोन ठिकाणी जाहला, याचे दुःख त्यांस होतेच, आणि त्या डोळे पुसत होत्या, आणि मधेच हसत होत्या, आणि यजमानांनी पुसिले तर धूळ गेली म्हणाल्या. तात्याबांनी चूल परत आणिली नाही. परंतु संध्याकाळी बांधावर येवोन बसू लागले, आणि तेथे दोघांचा आवाज गावात ऐको येई. कडेच्या पट्ट्यात दोघांनी मिळोन धैंचा पेरिला. बाकी शेतात जो तो आपले करीत राहिला.

बाई निघाल्या त्या दिवशी कस्तुरा वेशीपर्यंत आली. म्हणाली, "बाई, माझं उत्तर बरोबर होतं ना?"

"बरोबर होतं."

"मग शून्य?"

बाई म्हणाल्या, "शून्य त्यांनी दिलं. उत्तर तू दिलंस. दोन्ही विसरू नकोस." कस्तुरा म्हणाली, "त्यांनी उतारा वाचला नसेल." बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेविला आणि एसटीत बसल्या.

पुढे त्रिविक्रमपंतांनी नवे उतारे काढविले, विषय मोर. पहिला लेखक म्हणतो मोर सुंदर आहे. दुसरा लेखक म्हणतो मोर अतिशय सुंदर आहे. मुलांनी दोहोंची तुलना करावी. राज्यातील सर्व मुलांस पैकीच्या पैकी गुण पडले, हैबतराव आणि फत्तेसिंगराव या दोघांनीही अभिनंदनाचे फलक एकाच चौकात लाविले, आणि महाराजांनी राज्य पूर्ण आकलनक्षम जाहले ऐसे जाहीर करोन मोहीम बरखास्त केली.

येणेप्रमाणे आकलनाची मोहीम फत्ते जाहली. तींत दोन भाऊ बोलते जाहले, एक शिक्षिका घाट चढली, एका मुलीस शून्य पडले, आणि राज्य वाचते जाहले. राज्यास किती समजले हे पुसण्यास आता मनाई असे, म्हणोन लिहिले नाही. लेखनसीमा.